चार बोटं उणी

“हात मांडीखाली घाल,” रावजीतात्या म्हणाले. मी होडीच्या मागच्या फळीवर बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली घातले.

दिवस उगवायला थोडा अवकाश होता. आमची सगळी भोईवस्ती काठावर जमली होती, बायका तोंडाला पदर लावून, पुरुष मिसरी घाशीत. होडी पत्र्याची, माझा थोरला भाऊ म्हाळू याची. म्हाळू काविळीनं गेला त्याला दोन वर्षं झाली होती. होडीच्या पुढच्या टोकाशी त्याची बायको, माझी हौसावहिनी, कासोटा घट्ट मारून उभी होती. तिच्या हातात कळकाच्या तीन काठ्या होत्या, प्रत्येकीला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, आणि गळ बांधलेला. त्या बघून काठावर खसखस पिकली. ही मासे धरायला निघाली की पाखरं हाकायला, असं कुणीतरी म्हणालं आणि मीही हसलो.

आम्ही जाळ्याची माणसं. गळ हा आमच्यात पोराटोरांचा नाहीतर पाय थकलेल्या म्हाताऱ्यांचा उद्योग. धडधाकट माणूस काठी धरून बसला तर त्याला पोरगी कुणी देत नाही. आणि इथे तर जागेचा निकाल लागायचा होता.

भीमेवर धरण झालं, फुगवट्याचं पाणी आमच्या उंबऱ्याशी आलं, तेव्हा जुन्या माणसांनी पाण्याच्या जागा घराघरांत वाटून घेतल्या. ठेका कुणाचाही असो, कोणत्या घरानं कुठे जाळं टाकायचं ते वस्तीत ठरलेलं. घरातला कर्ता गेला तर त्याची जागा दोन वर्षं तशीच राखायची. तिसऱ्या फाल्गुनात, शिमगा झाला की, त्या घरानं माशांनी पाटी भरून दाखवायची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत, त्याच एका जागेतून, घरच्याच हातानं. पाटी कारभाऱ्याकडे असते, दोघांनी उचलायची. काठोकाठ भरली तर जागा त्या घराची. नाही भरली तर जवळच्या भाऊबंदाची. म्हाळूचा जवळचा भाऊबंद म्हणजे मी, लहानू.

आता खरी गंमत पुढे आहे. पाटी भरताना होडीत साक्षीला बसवायचं ते ज्याला जागा मिळणार त्यालाच. परक्या माणसाला हे उफराटं वाटतं. पण जुनी माणसं म्हणायची, ज्याचा जीव त्या जागेत अडकलाय त्याच्याइतकी डोळ्यांत तेल घालून राखण दुसरं कोण करणार? साक्षीदारानं वल्ह्याला, दोरीला, माशाला हात लावायचा नाही. लावला तर त्याचा हक्क गेला. संध्याकाळी कारभारी एकच प्रश्न विचारणार, हात लागला का. साक्षीदार हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल, आणि त्याच्यावर कुणी ब्र काढायचा नाही.

बाईनं पाटी भरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आठ दिवसांपूर्वी पंच बसले तेव्हा वहिनी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “घरच्या हातानं, असं तुमीच म्हनता. माझा हात घरचा न्हाई का?” पंचांनी एकमेकांकडे बघितलं. नाही म्हणायला रीतीत आधार सापडेना, आणि तसा शोधायची गरजही कुणाला वाटली नाही. कारण म्हाळूची जागा म्हणजे काटवन.

काटवन पावसाळ्यानंतर सोन्यासारखं. पाणी भरलेलं असलं की तिथे जाळं लावावं आणि घरी जाऊन झोपावं. पण फाल्गुनात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळीची राई वर येते. काळी खोडं, काट्यांची जाळी, त्यात जाळं टाकलं तर पुन्हा जाळं म्हणून हातात येत नाही. रावजीतात्या कारभारी होते, त्यांचे केस या पाण्यावर पांढरे झालेले. मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, भर बाई, तुझी हौस फिटू दे.

त्या वर्षी माझं वय चोवीस होतं आणि माझ्या नावावर पाण्याचा एक कोपरासुद्धा नव्हता. बापाची जागा थोरल्याला गेली होती, मी दुसऱ्यांच्या होडीत राबत होतो. पलीकडच्या काठच्या यशवंत कनिच्यांची इंदू मला सांगून आली होती. कनिचे पाटीच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते, जागा बघायला. जागा असेल तर पोरगी, नसेल तर चहा घेऊन परत, असा साफ माणूस. आईनं तर मनातल्या मनात मांडवही घातला होता. हौसा आणि तिची सात वर्षांची मंगी सीनेकाठी तिच्या भावाकडे जातील, हेही आईनं ठरवून टाकलं होतं. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, पण नागोबाला तसं कुठं वाटत असतं?

दिवस उगवला. तात्यांनी हात वर केला. वहिनीनं वल्हं मारलं.

काटवनात शिरल्यावर तिनं पहिलं काम केलं ते वल्हं आडवं ठेवण्याचं. तिथून पुढे ती बाभळीची खोडं हातानं धरून होडी ओढत नेऊ लागली. आवाज म्हणून नाही. पाणी कमरेएवढं, स्वच्छ. तळाच्या गाळात घमेल्याएवढे गोल खड्डे दिसत होते, एकाला एक लागून. प्रत्येक खड्ड्यावर एक काळा नर चिलापी राखणीला. विणीच्या दिवसांत ते आपल्या खड्ड्यावरून हलत नाहीत, जवळ काही आलं की चावायला धावतात. हे मला ठाऊक होतं, पण जाळ्याच्या माणसाला ठाऊक असून उपयोग काय? काट्यांत ते सुरक्षित.

तिनं ज्वारीच्या ताटाचं पेर तरंगायला बांधलं होतं. गळाला गांडूळ लावलं, काठी पुढे केली आणि गळ अलगद एका खड्ड्यात सोडला. पेर बुडालं. काठी वर आली तेव्हा तळहाताएवढी चिलापी फडफडत होती. दुसरी काठी, दुसरा खड्डा. तिसरी काठी. मग पुन्हा पहिली.

मी टिंगल करायच्या तयारीत होतो. वयनी, या चालीनं पाटी भरायला पाडवा उजाडंल, असं म्हणालोही. ती म्हणाली, “भावजी, तोंडाला बंदी न्हाई म्हनून ते चालवलंच पायजे असं न्हाई.”

ऊन चढलं तशी पाटीचा तळ दिसेनासा झाला. मला आवडत नव्हतं, पण बघत राहावं असं तिचं काम होतं. मासा ओढताना ती काठी उचलायची नाही, नुसती मनगट वळवायची. गळ काढताना चिलापीच्या पाठीचा काटा आधी दाबून घ्यायची. एखादीच्या तोंडातून बारीक पिलं सांडली की ती मादी तशीच परत पाण्यात. अशा तिनं माझ्यादेखत सात-आठ सोडल्या. म्हटलं, पाटी भरायचीय न तुला? तिनं पुढची काठी उचलली.

मग आपणहून सांगितलं. तिचा बाप सीनेवर गळ टाकायचा. गाडीखाली सापडून त्याचा एक पाय गेला होता, जाळं ओढणं जमत नव्हतं. वस्ती त्याला लंगडा बगळा म्हणायची. त्या लंगड्या बगळ्यानं चार लेकरं पोसली आणि थोरल्या लेकीला काठी धरायला शिकवली. लग्नानंतर म्हाळूनं तिला गळ टाकू दिला नाही, लोक हसतील म्हणून. “तुमचा भाऊ चांगला मानूस हुता,” ती म्हणाली. “पर लोकांच्या हसन्याला लई भ्यायचा.” हे तिनं रागानं नाही, सरळ सांगितलं.

दुपारी तिनं फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवली. मी हात काढावा की नाही या विचारात पडलो. भाकरीला हात लावायला तात्यांनी मनाई केलेली नाही, असं ती म्हणाली, तेव्हा खाल्ली. लसणाची चटणी होती. पोरगी कशी आहे, तिनं विचारलं. इंदूला मी एकदाच बघितली होती. बरी आहे, म्हटलं. मला लाज वाटत होती ती इंदूची नव्हती.

“जागा गेली तर तू भावाकडं जाशील ना?” मी विचारलं. तिचं जाणं तिच्याच तोंडून ऐकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, “भावाकडं भाकरी मिळंल. पर त्येची बायकू वाढंल तवा मिळंल, आन् माझ्या मंगीला तिच्या पोरींच्या मागनं मिळंल. हितं मला कुनी वाढाय लागत न्हाई.” एवढं बोलून तिनं फडकं झटकलं आणि काठ्या उचलल्या.

दुपारनंतर वारं सुटलं. पाण्यावर लाटा उठल्या, खड्डे दिसेनासे झाले, चिलापी लागायची थांबली. पाटी अर्ध्याच्या थोडी वर होती. मी मनातल्या मनात माप घेत होतो आणि माप मला बरं दिसत होतं. वहिनीनं तेवढ्यात दोन काठ्या बाजूला ठेवल्या. तिसरी सगळ्यांत जाड होती, तिचं तंगूसही जाड. तिनं कमरेच्या पिशवीतून एक जिवंत बेडूक काढला आणि गळाला अडकवला. मग बसून राहिली. नुसती, पाण्याकडे बघत.

मरळ हा मासा श्वास घ्यायला वर येतो. काट्यांच्या दाट सावलीत पाणी एकदा गपकन उघडतं आणि मिटतं, झालं. दोन वेळा मी ते ऐकलं. तिसऱ्या वेळी तिनं बेडूक नेमका त्या ठिकाणापलीकडे टाकला आणि पाण्यावरून उड्या मारीत ओढत आणला.

पाणी फुटलं. काठी अर्ध्यात वाकली. मरळ माझ्या मांडीएवढी असावी, मी तिची पाठ बघितली, काळी, ठिपक्यांची. ती पाटीत पडली असती तर वर मूठभर चिलापीतच काम भागलं असतं. तिनं बाभळीच्या खोडांकडे धाव घेतली. वहिनीनं तिला ओढलं नाही. काठी खाली केली, दोर सैल सोडला, तिला जाऊ दिलं.

इथे माझी चूक झाली. जाळ्याचा माणूस मासा हलला की ओढतो. दोर सैल पडला की मासा गेला, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. त्या घडीला मी साक्षीदार नव्हतो, इंदूचा होणारा नवरा नव्हतो, कुणी नव्हतो. डोळ्यांदेखत मासा निसटत होता आणि ते मला बघवेना. मी तिला मदत करत होतो असं सांगून मोठेपणा घेणार नाही. माझे हात मांडीखालून कधी निघाले तेही मला कळलं नाही. मी झेप घेऊन तंगूस धरलं आणि दोन हात आत ओढलं.

मरळ होडीशी आली. तिचं डोकं पाण्याबाहेर होतं. मला हसू फुटलं होतं, इतका आनंद झाला होता. मग मी वर बघितलं.

वहिनीनं होडीतला विळा उचलला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, माशाकडेही नाही. माझ्या मुठीच्या पुढे वीतभर अंतरावर तंगूस कापलं. मरळ गळासकट खाली गेली.

“हे काय केलंस?” मी ओरडलो.

“तुमचा हात लागलेला मासा माझ्या पाटीत नको.”

“अगं, पन मी हात लावला. माझा हक्क गेला. रीतच हाय तशी. पाटी भरली न्हाई तरी जागा तुझीच.”

“तुमची चूक झाली म्हनून मिळालेली जागा मला नको,” ती म्हणाली. “मी पाटी भरायला आलीय. भरून जागा घीन. उद्या कुनी म्हनाय नको, दिराच्या धांदरटपनावर बसलीय.” आणि विळा ठेवून पुन्हा बारकी काठी उचलली.

मग मला कळलं की मी काय करून बसलो. हात दाखवून अवलक्षण. हात मी परत मांडीखाली घातले, जणू काही कुणी बघत होतं. तंगसानं तळहात चिरला होता. काटवनात तिच्यामाझ्याशिवाय एक पाणकावळा तेवढा होता.

दिवस मावळेपर्यंत ती थांबली नाही. वाऱ्यात पेर दिसत नव्हतं तेव्हा दोर दोन बोटांत धरून नुसत्या स्पर्शावर मासे काढले. गांडुळं संपली तर भाकरीच्या तुकड्याच्या गोळ्या केल्या. मी एकेक चिलापी पाटीत पडताना बघत होतो आणि खरं सांगतो, भरू नये म्हणून मनात देवाचा धावा करत होतो. काठावरून तात्यांनी हाळी घातली तेव्हा सूर्य बुडाला होता. पाटी चार बोटं उणी होती.

काठावर वस्ती पुन्हा जमली. दोघांनी पाटी उचलून खाली ठेवली, आणि सकाळी हसणारी माणसं पाटीत डोकावून गप्प झाली. गळानं एवढे मासे कुणी बघितले नव्हते. तात्यांनी काठी पाटीवर आडवी ठेवली. काठीखाली चार बोटं अंतर. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. आईनं कुणाला न दिसेल असे हात जोडले. मंगी आईच्या लुगड्याला धरून उभी होती.

“साक्षीदार,” तात्यांनी विचारलं, “हात लागला?”

वहिनी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आर्जव नव्हतं. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं, एकतर दया आली असती किंवा राग. ती नुसती वाट बघत होती, मी काय माणूस आहे ते ऐकायची.

“न्हाई,” मी म्हणालो.

तिनं मान एकदा हलवली, पाटीतल्या चिलापी आपल्या बुट्टीत ओतून घेतल्या आणि मंगीला घेऊन घरी गेली. रीतीप्रमाणे कुणी काही बोललं नाही. त्या रात्री आईनं गोड केलं. मला जेवण गेलं नाही, पण ते मी उन्हामुळे असं सांगितलं.

सकाळी आरडाओरड्यानं जाग आली. बाहेर आलो तर पंच काठावर, यशवंत कनिचे नव्या टोपीत त्यांच्याशेजारी, आणि सगळ्यांची तोंडं काटवनाकडे. तिथे बाभळीच्या खोडांत म्हाळूची होडी होती. होडीत वहिनी. तीन काठ्या पाण्यावर.

तात्या संतापले होते. निकाल झाल्यावर दुसऱ्याच्या जागेत बसणं म्हणजे पंचांच्या तोंडावर थुंकणं, असं ते म्हणाले. कनिच्यांनी विचारलं, जागा नक्की कुणाची? तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, याची. मग मला म्हणाले, “जा. उठव तिला. ऐकत न्हाई तर काठ्या काढून घे. तुझी जागा हाय.”

मी दुसऱ्याची होडी घेतली आणि निघालो. वल्हं मारताना एकेक वाक्य जुळवत होतो. वयनी, उगा तमाशा नको. वयनी, पंचांचा मान राख. मी तुला काही कमी पडू देणार नाही, असंही एक होतं. ते सगळ्यांत लाजिरवाणं.

मी होडी तिच्या होडीला लावली. तिनं मान वळवली नाही.

“वयनी, चल. तात्यांनी सांगितलंय.”

“तात्यांना सांगा, मी बसलीय.”

“ही जागा आता माझी हाय.”

“व्हय?” तेव्हा ती वळली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला भावजी आणि तुमी याशिवाय हाक मारली नव्हती, मी शाळकरी होतो तेव्हासुद्धा. आता ती एकेरीवर आली. “मग उठव मला. हात लाव.”

माझे हात वल्ह्यावरच राहिले.

“काल हात लागला न्हाई म्हनलास. चांगल्या मोठ्या आवाजात म्हनलास. तर आज लाव. ही काठी, धर. हे मनगट, धर आन् ओढ. काठावर तुझा सासरा बगतोय, बगू दे त्येला जावयाचा हात कसा चालतोय ते.” तिनं खरंच हात पुढे केला. गळ काढून काढून बोटं फाटलेली होती. “मी काल बी तुझ्या हातानं जागा घेतली न्हाई. आज तुझ्या जिभेनं सोडनार बी न्हाई. पंचांनी दंड करू दे, वाळीत टाकू दे. रोज उगवतीला मी हितं बसनार. रोज तुला धाडतील. किती दिस येशील?”

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता. माझ्या तळहातावरची चीर ठणकत होती. मला तिचा राग आला, भयंकर आला. मग त्याच रागात मला कळलं की तिच्यावर रागवायला माझ्याकडे काही नाही. ती एकटी पंचांसमोर, सासूसमोर, अख्ख्या वस्तीच्या हसण्यासमोर बसली होती, आणि मी चोवीस वर्षांचा गडी एका नव्या टोपीला घाबरलो होतो.

मी होडी वळवली.

काठावर उतरलो तेव्हा तात्या म्हणाले, काय रे, एकटाच? मी तळहात उघडून त्यांच्यापुढे धरला.

“हात लागला हुता,” मी म्हणालो. “मरळ हुती, तिच्या गळाला. मी तंगूस धरलं. तिनं दोर कापून मरळ सोडली, माझा हात लागला म्हनून. ती मरळ पाटीत पडली असती तर तुमची काठी वर उचलावी लागली असती.”

आईनं मला खाली बसवायचा प्रयत्न केला. पोराला ऊन लागलंय, काल जेवलापण नाही, असं ती सगळ्यांना सांगू लागली. कनिच्यांनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

“काल न्हाई म्हनलास,” तात्या म्हणाले.

“काल खोटं बोललो.”

“आन् आज खरं बोलतोस हे कशावरनं? बाईनं पढवलं असंल.”

“तात्या,” मी म्हणालो, “काल बोललो त्यात मला जागा मिळत हुती. आज बोलतोय त्यात जागा जाती, पोरगी जाती, आन् खोट्या साक्षीचा दंड बसतो तो वेगळा. तुमीच ठरवा कुठलं खरं.”

ज्याचा जीव अडकलाय त्यालाच साक्षीला बसवायचं, हे पंचांचंच शहाणपण होतं आणि ते आता त्यांच्याच गळ्यात आलं होतं. एक पंच म्हणाला, पण पाटी तर भरली नाही. दुसरा म्हणाला, साक्षीदाराचा हात लागला तर हक्क गेला, मग जागा राहिली कुणाची? तिसऱ्यानं विचारलं, बाई आणि गळ, दोन्ही एकदम चालवून घ्यायचं का? वाद चालला. कनिचे चहा न घेताच गेले. शेवटी तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. काटवन हौसाचं राहील. लहानूनं तीन वर्षं या पाण्यात जाळं भिजवायचं नाही.

तीन वर्षं मी वीटभट्टीवर काढली. इंदू दुसरीकडे गेली, माझं लग्न पुढे उशिरा झालं. आई मरेपर्यंत मला म्हणत राहिली की तू घरात निखारा निघालास. त्याला आता तीस वर्षं होतील, आणि मी आजवर काढलेल्या शब्दांत ‘हात लागला हुता’ हे तीन शब्द सोडून दुसरे कुठले मला फारसे आठवावेसे वाटत नाहीत.

पण त्या दिवशीचं राहिलं. निकाल झाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तात्या म्हणाले, आता तूच जा आणि तिला सांग, जागा तिची झाली, काठावर येऊन पंचांच्या पाया पड म्हणावं. मी पुन्हा निघालो. या खेपेला मला वाक्यं जुळवावी लागली नाहीत. खरं तर मी फुगलो होतो. एवढं सगळं घालवून मी तिची जागा तिला परत नेत होतो. ती रडेल असं मला वाटलं. निदान भावजी म्हणेल.

काटवनाच्या तोंडाशी येताच मला राहवेना. मी होडीत उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडलो, “वयनी, जागा तुझी झाली. पंचांनी दिली. तात्यांनी बोलावलंय.”

तिनं वळून न बघता एक हात वर केला.

“हळू बोला,” ती म्हणाली. “मासं बुजत्यात.”

मी खाली बसलो, वल्हं उचललं आणि आवाज न करता होडी मागे घेतली.